रस्त्यात भेटलेला सायकलवाला: ओळख नसताना कसं वागायचं

रविवारी पहाटे साडेपाचला पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याच्या पुढे आलात की सायकलींचे मागचे लाल दिवे दिसायला लागतात. कोणी खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन परत फिरणार, कोणी पानशेतला, कोणी थेट गडावर. बहुतेकांची एकमेकांशी ओळख नसते. नवी गिअरची सायकल घेऊन पहिल्यांदाच इकडे येणाऱ्याला गिअरपेक्षा हेच प्रश्न जास्त छळतात: समोरच्याला हात करायचा का? ओलांडून पुढे गेलो तर त्याला राग येईल का? कोणी थांबलेला दिसला तर विचारायचं का, आणि विचारलं की मग तासभर तिथेच अडकायचं का?

दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की यातलं बरंचसं आपोआप सुचतं. सायकलवाल्याला मागचं दिसत नाही आणि चढावर त्याच्याकडे बोलायला दम नसतो. म्हणून जे काही सांगायचं ते आधी सांगायचं, दोन शब्दांत सांगायचं आणि समोरच्याला 'नको' म्हणायला जागा ठेवायची.

नमस्कार, आणि त्याबरोबर द्यायची खबर

सपाट रस्त्यावर समोरून कोणी आला तर हँडलवरून चार बोटं उचलली तरी पुरे. उतारावर तेही नको, बोटं ब्रेकवरच राहू द्या आणि मान हलवा. चढावर असलेल्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. त्याने पाहिलं नाही असं नाही, त्याचा श्वास मोजून चाललेला असतो.

अंधारात पुढचा दिवा खाली वळवलेला असणं हाच नमस्कार. दिव्याचा झोत साधारण ८ ते १० मीटरवर रस्त्यावर पडला पाहिजे. आडवा रोखलेला दिवा समोरच्याचे डोळे दिपवतो आणि पुढची काही सेकंदं त्याला खड्डा दिसत नाही. मागचा दिवा एकटे असताना लुकलुकता ठेवा. मागे कोणी येऊन लागला की एकसारखा करा, नाहीतर तो त्याच्या डोळ्यात टोचत राहतो.

शब्द कोणताही चालतो. 'नमस्कार' सगळीकडे चालतं, गडाच्या वाटेवर 'जय शिवराय' ऐकू येतं. आषाढीच्या आधी पालखीच्या दिवसांत दिवे घाटाकडे गेलात तर मात्र घंटी विसरा. तिथे 'माऊली' म्हटलं की वाट मिळते. गर्दी दाट असेल तर उतरून सायकल हातात धरून चालायचं.

समोरून येणारा माणूस तुम्ही जाणार तो रस्ता नुकताच पाहून आलेला असतो, हे नवखे लोक विसरतात. पुढे वळणावर खडी सांडलेली असेल, टँकरमधून तेल गळलेलं असेल, कुत्री अंगावर येत असतील, तर जाता जाता ओरडून सांगा: 'पुढे खडी!', 'कुत्री आहेत!' एवढंच. तळहात खाली करून हलवला की 'हळू' हे सगळ्यांना कळतं. कुत्र्यांसमोर वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चाललेलं बरं, आणि मागून येणाऱ्याला ते सांगायला विसरू नका. चिडलेली कुत्री तुम्हाला सोडून त्याच्यामागे लागतात.

अजून एक. रात्रपाळी संपवून काळ्या सायकलवरून घरी निघालेला वॉचमन हाही सायकलवालाच आहे. हेल्मेट घातलेल्यांनाच हात करायचा आणि त्याच्याकडे बघायचंही नाही, ही खोड या रस्त्यावर बऱ्यापैकी दिसते. तोही ओळखून असतो.

ओलांडून पुढे जाताना

पाऊल पहिलं: आपल्या मागे बघा. गाडी येत असेल तर थांबा, समोरचा कुठे पळून जात नाही.

दुसरं: १० ते १५ मीटर मागे असतानाच एकदा घंटी वाजवा. अगदी जवळ जाऊन वाजवायची नाही. दचकलेला माणूस मान वळवून मागे बघतो, आणि मान जिकडे वळते तिकडे हँडलही थोडं वळतं. उजवीकडे मान वळवली की सायकल उजवीकडे, म्हणजे बरोबर तुमच्या वाटेत येते. ओलांडताना होणाऱ्या बऱ्याच धडका अशाच होतात, आणि दोघांनाही वाटतं की चूक दुसऱ्याची होती.

तिसरं: 'उजवीकडून' असं स्पष्ट म्हणा. 'साइड' म्हणू नका, त्यातून कोणती बाजू ते कळत नाही. कानात इअरफोन दिसले तर उत्तर मिळेपर्यंत मागेच राहा.

चौथं: मध्ये किमान एक मीटर सोडून पुढे जा आणि लगेच डावीकडे घुसू नका. चार-पाच मीटर पुढे गेल्यावर, मागे वळून खात्री करून, मग रस्त्याची कड धरा.

डावीकडून कधीच ओलांडू नका, कितीही मोकळी जागा दिसली तरी. मागून ट्रक आला की प्रत्येकजण न बघता डावीकडे सरकतो आणि तिथे तुम्ही असता.

चढाची गोष्ट वेगळी. गडाच्या पायथ्याच्या गोळेवाडी नाक्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंत साधारण ८-९ किलोमीटरचा घाट आहे. त्यात दमलेला माणूस नागमोडी चालवतो, चढ तेवढाच कमी लागतो म्हणून. त्याला ओलांडताना त्याचा डावीकडचा हेलकावा सुरू झाला की मगच निघा. आणि एकदा पुढे गेलात की पुढेच राहा. ओलांडायचं, शंभर मीटरवर दम लागून मंदावायचं, त्याने परत ओलांडायचं, पुन्हा तुम्ही, असा लपंडाव गडाच्या रस्त्यावर दर रविवारी चालतो. मागच्याला प्रत्येक वेळी लय मोडावी लागते. त्याचा वेग आपल्याएवढाच आहे असं वाटलं तर ओलांडूच नका. २० मीटर मागे राहून सुखाने चढा.

उतारावर वळणात कुणालाही ओलांडायचं नाही. वर येणाऱ्या प्रवासी जीप वळण कापत येतात आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेवर ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. पुढचा फारच हळू उतरत असेल तर सरळ तुकडा येईपर्यंत थांबायचं. मागे लागून घंटी वाजवली तर तो घाबरून पुढचा ब्रेक दाबेल.

मागे लागून चालवणं

परतताना तोंडावर वारा असला की पुढच्याच्या आडोशाने चालवण्याचा मोह होतो. वारा खरंच तुटतो. चाकामागे जवळ राहिलं तर लागणाऱ्या जोरातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाचू शकतो. पण अनोळखी माणसाच्या मागे न विचारता चिकटणं म्हणजे रेल्वेत शेजाऱ्याच्या डब्यात हात घालणं. त्याला तुम्ही दिसत नाही. तो खड्डा बघून अचानक ब्रेक लावेल, नाक शिंकरेल, थुंकेल आणि ते तुमच्या अंगावर येईल.

म्हणून आधी बाजूला येऊन विचारा: 'थोडं मागे राहू का?' हो म्हणाला तर ठीक. नुसतं 'हं' म्हणून वेग बदलला तर ते नाहीच समजा आणि १० मीटरचं अंतर सोडा.

हो म्हणाला तर पुढचे नियम पाळायचे. नवखे असाल तर त्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक यांत एक ते दीड मीटर अंतर ठेवा. सरावलेले लोक हातभर अंतरावर चालवतात ते बघून तसं करायला जाऊ नका. चाक चाकाच्या बाजूला कधीच न्यायचं नाही. पुढचा खड्डा चुकवायला थोडा सरकला, तुमच्या पुढच्या चाकाला त्याचं मागचं चाक घासलं, की पडायची पाळी बहुतेक मागच्याचीच येते. पुढच्याला धक्का जाणवतो, तो डगमगतो आणि सावरतो. मागच्याचं हँडल फिरतं.

नजर त्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे बघा. आपल्याकडचे बरेच गतिरोधक पट्टे न मारलेले असतात. पुढे असाल तर खड्ड्याकडे बोट दाखवा, गतिरोधक आला की 'ब्रेकर' म्हणा, थांबायचं असेल तर 'थांबतोय' म्हणा, आणि मगच ब्रेक लावा. थुंकायचं असेल तर मागे बघून डावीकडे.

दोन-तीन मिनिटांनी स्वतः पुढे या. आपली पाळी आली की नवखा माणूस कर्तबगारी दाखवायला वेग वाढवतो आणि मागच्याला सोडून देतो. वेग तोच ठेवायचा. पुढे येण्याइतका दम नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. अर्धा तास गुपचूप मागे राहायचं आणि शेवटच्या चढावर उसळी मारून पुढे जायचं, हे मात्र लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

थांबलेला दिसला तर

वेग कमी करा, पण लगेच उतरू नका. जाता जाता विचारा: 'ठीक आहे ना? काही हवंय?' फोटो काढायला, फोन घ्यायला, लघवीला थांबलेले लोकही असतात. अंगठा दाखवला की निघा. चेहरा गोंधळलेला दिसला तर पुन्हा एकदा नेमकं विचारा: 'पंप आहे का? ट्यूब आहे का?' बरेच नवखे भिडेपोटी 'ठीक आहे' म्हणतात आणि पंप नसताना नुसते चाकाकडे बघत उभे असतात.

थांबायचं ठरलं तर दोन्ही सायकली डांबराच्या बाहेर घ्या. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवून आपली सायकल त्याच्या मागे दोन-तीन मीटरवर उभी करा. काम त्याच्याच हातांनी होऊ द्या. सायकल त्याची आहे. आपण चाक धरायचं, टायर काढायचे लिव्हर द्यायचे. त्याने 'तुम्हीच करा' म्हटलं तर करा, पण करताना त्याला दाखवत करा.

ट्यूब उसनी देण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली मापं. टायरच्या बाजूवर आकडा असतो: ७००×२८, २७.५×२.१, २९×२.१ असा. ७०० आणि २९ यांची रिम एकाच मापाची, ६२२ मिलिमीटर, त्यामुळे ७००×३५-४३ ची ट्यूब २९ च्या टायरमध्ये घरी पोचेपर्यंत चालून जाते. २७.५ ची रिम ५८४ आणि २६ ची ५५९, तिथे असा जुगाड नीट बसत नाही, ट्यूबला घडी पडते. दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह. जाड, मोटारीसारखा तो श्रेडर. बारीक, टोकाला पिन असलेला तो प्रेस्टा. प्रेस्टाची ट्यूब श्रेडरच्या भोकात बसते, थोडी हलते एवढंच. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या भोकात जातच नाही. म्हणून टायर काढायच्या आधी व्हॉल्व्ह बघायचा, नंतर नाही.

मग क्रम असा. मागचं चाक असेल तर गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणा, मग चाक काढा. ट्यूब काढल्यावर नवी घालायची घाई करू नका. टायरच्या आतून बोट हळू फिरवा, शक्यतो कापड गुंडाळून. बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार आत राहिलेली असते आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. उसन्या ट्यूबचं असं झालं की दोघांचीही पंचाईत. जुन्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली.

ट्यूब देण्याऐवजी पॅच लावायचा असेल तर पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चार-पाच मिनिटं थांबा. बोट लावलं की चिकट वाटलं पाहिजे, ओलं नाही. ओल्यावरच पॅच दाबला की तो डोणजे फाट्यापर्यंतही टिकत नाही. अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची असेल तर ती या पाच मिनिटांत करावी, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतंच.

ट्यूब आत बसवताना आधी तिच्यात थोडी हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. शेवटची कड अंगठ्यांनीच बसवा. तिथे लिव्हर लावला की नवी ट्यूबच चिमटून फुटते. ती तुमची असली तरी तो माणूस ओशाळतो. छोट्या पंपाने ७००×२८ मध्ये नीट हवा भरायची म्हणजे शंभराहून जास्त झटके, आळीपाळीने मारा. ६० पीएसआय झाली तरी सावकाश घरी जाता येतं. प्रेस्टावरून पंप काढताना सरळ ओढा. तिरका ओढला की पिन वाकते आणि सगळी मेहनत फुकट.

जवळ मोटारींचं पंक्चरचं दुकान असेल तर प्रेस्टाला लावायचा छोटा पितळी अडॅप्टर कामी येतो. नखाएवढी वस्तू, दोन ठेवा, एक देऊन टाकायला. मात्र कॉम्प्रेसरने हवा भरताना थोडी थोडी भरायला सांगा. ट्रकच्या सवयीने भरली तर टायर रिमवरून उडतो.

चेन तुटली असेल तर ती जोडायच्या क्विक लिंक (जोडकड्या) ९, १०, ११ स्पीडच्या वेगवेगळ्या असतात. रुंदी जुळत नसेल तर जबरदस्तीने लावू नका.

पैशांचं काय? ज्याला ट्यूब मिळाली त्याने तिथेच विचारावं: 'किती झाले? यूपीआय करतो.' देणाऱ्याने हवे तर घ्यावे, नको असतील तर एकदाच 'राहू द्या' म्हणावं. दोघांनी पाच मिनिटं 'अहो घ्या', 'अहो नको' करत उन्हात उभं राहायची गरज नाही. आणि तुमच्याकडे एकच ट्यूब असेल, घर अजून ५० किलोमीटर लांब असेल, तर द्यायलाच हवी असं नाही. 'एकच आहे हो, पण पॅच लावून देतो' हे उत्तर कोणालाही पटतं.

काम संपत आलं की मदत घेणाऱ्यानेच म्हणावं: 'तुम्ही निघा आता.' हे न म्हटल्यामुळे मदत करणारा चाक फिरवून बघेपर्यंत, बाटली बंद होईपर्यंत, हेल्मेट चढेपर्यंत उगाच ताटकळतो.

पडलेला दिसला तर

आधी रस्ता सांभाळा. एकाने ३०-४० मीटर मागे जाऊन गाड्यांना हात करायचा. पडलेल्याला लगेच उठवू नका. बगलेत हात घालून उभं करायची आपल्याकडे भारी घाई असते. त्याला आहे तसं राहू द्या, नाव विचारा, मान दुखते का विचारा. मान दुखत असेल, उत्तरं असंबद्ध असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर ११२. जागा सांगताना मैलाचा दगड, हॉटेलची पाटी, फाट्याचं नाव सांगा.

हात पुढे टेकून पडलेल्यांचं गळ्याजवळचं हाड बऱ्याचदा मोडतं. माणूस चालतो, बोलतो, पण एक हात दुसऱ्याने धरून ठेवतो. त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नका.

पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४अ हे कलम आलं; अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे. नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही.

जखमीची सायकल जवळच्या दुकानात ठेवा, दुकानाच्या पाटीचा फोटो काढून त्याच्या घरच्यांना पाठवा. माणसाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही.

टपरीवर

चहाला थांबलात की सायकलीभोवती माणसं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: 'केवढ्याला पडली?' दुसरा: 'एवढ्यात मोटारसायकल नसती का आली?' चिडू नका. आकडा सांगायचा नसेल तर 'जुनी घेतलीय' किंवा 'हप्त्यावर आहे मामा' म्हणून हसून सोडा. मग तुम्हीच विचारा, पुढचा रस्ता कसा आहे, पाणी कुठे मिळेल. मामा, काका, मावशी, दादा असं म्हटलं की बोलणं सरळ होतं. 'ओ, चहावाले' अशी हाक मारली की चहा उशिरा येतो, आणि तो यायलाही हवा.

पोरं 'एक चक्कर द्या ना' म्हणतील. द्यायची नसेल तर थापा मारू नका, 'नाही' म्हणा. त्याऐवजी मागचं चाक उचलून धरा, एकाला पॅडल फिरवू द्या, दुसऱ्याला गिअर बदलू द्या. पाच मिनिटांत सगळे खूश. निघायच्या आधी मात्र हे पुन्हा स्वतः करा. सायकल उभी असताना कोणीतरी गिअरची बटणं दाबून ठेवलेली असतात. तसंच जोरात निघालात की चेन उडी मारते, अडकते, कधी पायाला लागते. मागचं चाक उचलायचं, पॅडल हाताने दोन वेळा फिरवायचं, चेन जागेवर बसल्याचं बघायचं.

दुसऱ्या सायकलवाल्याची सायकल विचारल्याशिवाय हलवू नका. त्यावर टेकून आपली उभी करू नका. गिअरच्या बाजूने दोन सायकली एकमेकींवर रेलल्या की चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर वाकतो, आणि हे घाटाच्या मध्यावर कळतं.

पाणी मागितलं तर बाटली द्या. घेणाऱ्याने तोंड न लावता वरून प्यायचं. बिडनची, म्हणजे सायकलच्या बाटलीची, नळी चोखायची नाही, धार सोडायची. ओआरएसचं पाकीट द्यायचं असेल तर एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतू नका. घट्ट झालेलं पाणी पोटात जाऊन मळमळतं. देताना 'काही पथ्य आहे का?' एवढं विचारा. शुगर किंवा बीपी असलेले पन्नाशीचे लोक बरेच दिसतात.

चहाचे पैसे: अनोळखी दोघे एकाच बाकावर बसले तर ज्याचा त्याने द्यावा. कोणी आधीच देऊन टाकला तर नम्रपणे घ्या. गडावर पिठलं-भाकरीला एकत्र बसलात तर ताटाप्रमाणे वाटून घ्या. ज्याने चार वाट्या दही घेतलं त्याला ते माहीत असतं.

'किती वेळात चढलात?' हा प्रश्न समोरच्याने काढला तरच त्यावर बोला. त्याने एक तास वीस मिनिटं सांगितली आणि तुम्ही पंचेचाळीस मिनिटांत आलात तर तो आकडा पोटात ठेवा.

न मागता सल्ला देऊ नका: सीट वर घ्या, टायर बारीक लावा, केडन्स (पॅडल फिरवायचा वेग) वाढवा. याला पाच अपवाद आहेत. चाक पटकन काढायची क्विक रिलीझ कडी उघडी आहे, हेल्मेटचा पट्टा सुटलेला आहे, मागचा दिवा बंद आहे, टायर बसत चाललाय, किंवा ओढणी अथवा पिशवीचा बंद चाकात जातोय. यातलं काही दिसलं तर ताबडतोब, सरळ सांगा.

एकटी बाई चालवत असेल तर

घंटी लांबून वाजवा, लवकर ओलांडा आणि निघून जा. वेग सारखाच असेल तर ५० मीटर मागे पडा किंवा पुढे निघा. मागे लागून चालवायचं नाही, आणि पहाटेच्या अंधारात तर मुळीच नाही. तिच्या दृष्टीने मागे फक्त एक दिवा आहे, जो जात नाही.

'एकट्याच आलात?' आणि 'रोज येता का?' हे दोन प्रश्न वगळा. पहिल्याचं उत्तर दिसतंच आहे, दुसरं तिचं वेळापत्रक विचारतं. पंक्चर झालं असेल तर तीन-चार मीटरवर, रस्त्याच्या बाजूला थांबून विचारा: 'मदत हवीय की चाललंय तुमचं?' चाललंय म्हणाली की विषय संपला. 'मॅडम, हलका गिअर टाका' हे वाक्य गडाच्या घाटात पुरुषांनी इतक्या वेळा म्हटलेलं आहे की आता पुरे.

नंबर, फोटो, स्ट्राव्हा

ओळख वाढवायची असेल तर नंबर मागू नका, आपला द्या. घ्यायचा की नाही ते दुसरा ठरवेल. फोटोत दुसऱ्याचा चेहरा येत असेल तर विचारून टाका. स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलफेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर, घराजवळचा भाग लपवायची सोय आहे. अनोळखी लोकांबरोबर चालवायला लागण्याआधी ती सुरू करा, नाहीतर तुमच्या दाराचा नकाशा सगळ्यांकडे जातो.

बीआरएमचा रायडर भेटला तर

चमकदार जाकीट, दोन-तीन दिवे, हँडलवर पिशवी, असा कोणी दिसला तर तो ब्रेव्हेवर (बीआरएमवर), म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीवर, असू शकतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० असा हिशेब असतो. कार्डावर कंट्रोलचे, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांचे, शिक्के किंवा नोंदी घ्यायच्या असतात आणि मागून येणाऱ्या गाडीतून घरच्यांची मदत कंट्रोलशिवाय इतरत्र चालत नाही. त्यामुळे त्याला आग्रहाने थांबवू नका, गाडीतून केळी द्यायला जाऊ नका. रस्ता चुकतोय असं वाटलं तर सांगा, एवढं पुरे. पहाटे तीनला एखादा बसथांब्यावर आडवा दिसला तर आधी हाक मारून बघा. उत्तर आलं की झोपू द्या, न आलं तर वर सांगितलेलं १०८ चं.

वेगळे होताना

धरणाच्या पुढे डोणजे फाट्यावर रस्ते फुटतात: डावीकडे गड, सरळ पानशेत. बरोबर चालवणारा अनोळखी माणूस कुठे वळणार हे तुम्हाला माहीत नसतं, तुमचं त्यालाही नसतं. म्हणून फाटा २०० मीटरवर असतानाच सांगा: 'मी गडाकडे.' तो तुमच्या डावीकडे असेल आणि तुम्हालाच डावीकडे वळायचं असेल तर त्याच्यासमोरून कापून जाऊ नका. पॅडल थांबवा, त्याला पुढे जाऊ द्या, त्याच्या मागून वळा. हात वळायच्या आधी दाखवायचा. वळताना दोन्ही हात हँडलवर, आणि 'येतो हं' तोंडाने.